मधुमालतीचा झोपाळा

सुलभाताई पिंगळ्यांना बागेचं वेड कधीच नव्हतं. ते होतं अरविंदरावांना. उज्जैनच्या फ्रीगंजमधलं, मागच्या गल्लीतलं ते घर, पुढं जेमतेम चार खाटा मावतील एवढं अंगण, पण तेवढ्यात त्यांनी मोगरा, कर्दळ, सकाळी दहाला उमलणारी दहाची फुलं, कोपऱ्यात लिंबू आणि खोलीच्या खिडकीसमोर तारेच्या मांडवावर मधुमालती असा सगळा पसारा मांडला होता. बँकेतून आल्यावर बूट काढायच्या आधी हातात झारी घ्यायची, हा त्यांचा नेम. सुलभाताई आतून ओरडायच्या, "आधी चहा घ्या, तुमचा मोगरा कुठं पळून नाही जात." उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड यायचा. घरात प्यायच्या पाण्याची मारामार आणि हा गृहस्थ कर्दळीला आंघोळ घालतोय, हे बघून त्यांचं डोकं फिरायचं. पाखरांचं तर नावच नको. वाळत घातलेल्या साड्यांवर शिटायचं आणि कुरडयांची वाट लावायची, याखेरीज पाखरांनी जगात काही भलं केल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

शहाण्णवच्या दिवाळीआधी, बँकेत कॉम्प्युटर आले त्याच महिन्यात, अरविंदराव सकाळी दाढी करता करता मोरीत कोसळले. बँकेतले लोक म्हणाले, कॉम्प्युटरचा धसका घेतला पिंगळेसाहेबांनी. धसका कसला? ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्यांनी आपल्या मनानं बंद केल्या होत्या, एवढंच. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना ऐकू येतं, समजतं, फक्त शब्द सापडत नाही. सापडेलही. एक सापडला की त्याच्यामागनं दुसरे येतात. तुम्ही रोज त्यांच्याशी बोलत राहा. सुलभाताईंना बोलत राहा म्हणून सांगायची वेळ आजवर कोणावर आली नव्हती.

त्यांनी अरविंदरावांची खाट खिडकीशी लावली आणि बोलायला सुरुवात केली. भाजीचे भाव, समोरच्यांनी घेतलेली केबल, पुण्याला नोकरीला लागलेल्या चिन्मयचा रविवारचा फोन, सगळं. ते ऐकायचे. पण त्यांची नजर खिडकीबाहेर असायची, आणि बाहेर सगळं सुकत चाललं होतं. एका दुपारी सुलभाताईंनी पाहिलं, कर्दळीकडे बघता बघता त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, या माणसाला रडताना त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या तशाच उठल्या, तांदूळ धुतलेलं पाणी घेतलं आणि कर्दळीच्या मुळाशी ओतून आल्या. त्या दिवसापासून घरातलं एक थेंब पाणी मोरीत गेलं नाही.

होळीपर्यंत बाग उभी राहिली. मोगऱ्याला कळ्या धरल्या, दहाची फुलं उन्हं चढली की लाल-पिवळी फुटायला लागली, मधुमालती तर मांडव झाकून खिडकीपर्यंत आली. संध्याकाळी पांढरी उमलायची, सकाळी गुलाबी व्हायची, दुसऱ्या दिवशी लाल. सुलभाताईंना हे इतकी वर्षं त्या घरात राहून माहीत नव्हतं. फुलं आली तशी पाखरं आली, आणि त्यांच्याकडे बघायची गोडी कधी लागली ते त्यांना कळलंच नाही. सकाळी त्या खाटेशी बसून बातम्या द्यायच्या. "आज शक्करखोऱ्याची बायको एकटीच आली होती कर्दळीवर. भांडण झालेलं दिसतंय." किंवा, "बुलबुल माझ्या मोगऱ्यावर बसून मलाच शिव्या घालतो." माझ्या मोगऱ्यावर, असं त्या म्हणाल्या तेव्हा अरविंदराव डाव्या बाजूनं हसले. सुलभाताईंना लाज वाटली आणि बरंही वाटलं.

त्यांना हवा होता एक शब्द. अरविंदराव त्यांना सुलू म्हणायचे. माहेरची सुलभा, सासरची सुलभा, सुलू म्हणणारा हा एकच माणूस. तो शब्द परत ऐकायचा, मग बाकीचं आयुष्य कसंही जाऊ दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. चैत्र तृतीयेला पितळेची गौर झोपाळ्यात बसवली तेव्हा त्या हात जोडून नवस बोलल्या. यांना वाचा येऊ दे, गौराई. बाजारचं एक फूल न घालता अंगणातल्या मधुमालतीचा झोपाळा करीन तुला, साऱ्या बायकांना बोलावून हळदीकुंकू करीन.

आणि त्याच आठवड्यात तो पक्षी आला. पांढराशुभ्र, डोकं काळं, आणि मागं हातभर लांब शेपटीच्या दोन फिती. मधुमालतीवर बसला, नळाखालच्या कुंडीत झडप घालून भिजला आणि परत वर गेला. सुलभाताई पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. खिडकीतून आवाज आला.

"आला."

जाड, ओला, पण स्वच्छ आवाज. पातेलं खाली ठेवून त्या आत धावल्या. अरविंदराव खिडकीकडे बघत होते. "आला," ते पुन्हा म्हणाले.

तो दूधराज होता. अरविंदराव पूर्वी सांगायचे, उन्हाळ्यात कधीतरी येतो, एखादा दिवस राहतो आणि जातो. या वर्षी तो गेला नाही. तांबूस रंगाची मादी आणली आणि दोघांनी मिळून मधुमालतीच्या बेचक्यात, खिडकीसमोरच, जाळ्याजळमटांनी सारवलेलं वाटीएवढं घरटं केलं. नरसुद्धा अंड्यांवर बसायचा, आणि त्याच्या शेपटीच्या फिती घरट्याबाहेर लोंबत राहायच्या. अरविंदराव दिवसभर ते बघायचे. रोज सकाळी "आला" म्हणायचे. दुसरा शब्द येत नव्हता, पण सुलभाताई रोज खाटेशी वाकून विचारायच्या, "आणि मी कोण?" त्यांचे ओठ जुळायचे, स चा श्वास सुटायचा आणि तिथंच विरायचा. आज नाही तर उद्या, असं त्या म्हणायच्या आणि खरंच तसं मानायच्या.

वैशाख लागला. अंड्यांतून पिल्लं निघाली. अक्षय तृतीया जवळ आली, म्हणजे गौर जाणार, आणि नवस तसाच राहिलेला. इंदूरहून नणंद आली होती, प्रतिभा. अरविंदरावांची धाकटी बहीण, मनानं चांगली, देवधर्माच्या बाबतीत मात्र कडक.

"वहिनी, नवस बोलल्या होत्या ना तुम्ही? मग पूरा करून टाका."

"अजून पूर्ण कुठं बोलतायत वन्सं ते? एकच शब्द आलाय."

"एक तर आला ना. गौर काय दुकानदार आहे, की पूरा माल आला की मग हिशेब? रुसली तर तो एकही जाईल. मग बसाल हात चोळत."

सुलभाताईंनी झोपाळ्यातल्या गौरीकडे पाहिलं. जीभ तिखट असली तरी त्या देवाला भिणाऱ्या होत्या. एकच शब्द तर होता घरात. तो जायला नको, आणि दुसरा यायला हवा. त्यांनी हळदीकुंकवाचा दिवस ठरवला.

त्या दिवशी सकाळी त्या स्टुलावर चढल्या. घरट्याला धक्का लागू द्यायचा नाही हे मनाशी पक्कं होतं. घरट्याची फांदी त्यांनी हलवलीसुद्धा नाही. वरचे तेवढे घोस कात्रीनं अलगद काढत गेल्या. गौरीचा झोपाळा मोठा, चारी दोऱ्या फुलांनी मढवायच्या, मागं पडदा करायचा, म्हणून घेता घेता पुष्कळ घेतलं. खिडकीत अरविंदराव डावा हात जोरजोरात हलवत होते. सुलभाताईंना हसू आलं. जन्मभर हा माणूस असंच करत आला होता. हा नको, तो घोस घे, इथून कापू नको, तिथून काप. "हो हो, कळतंय मला," त्या स्टुलावरून म्हणाल्या आणि कापत राहिल्या. खाली उतरून पाहिलं, तर घरटं जिथल्या तिथं होतं. त्यांचं समाधान झालं. वर आता पान नाही, सावली नाही, आकाशातून कुणीही बघावं अशी ती वाटी उघडी पडली आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. खिडकीतल्या माणसाच्या ध्यानात आलं होतं.

चार वाजल्यापासून बायका यायला लागल्या. फ्रीगंजच्या मराठी घरांतल्या साऱ्या, आणि देवास गेटकडच्याही. अरविंदरावांना असं पडलेलं बायकांनी बघावं हे त्यांना आवडणार नाही, म्हणून सुलभाताईंनी मधलं दार लोटून घेतलं. बाहेरच्या खोलीत झोपाळा असा सजला होता की येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातच थबकत होती. टेपवर गाणी लागली होती, कूलर घरघरत होता, पन्ह्याचे पेले फिरत होते, नाव घ्या नाव घ्या म्हणून एकमेकींच्या मागं लागणं चाललं होतं. कित्येक महिन्यांनी त्या घरात आवाज झाला होता. सुलभाताई हळदीकुंकू लावत होत्या, आंबेडाळ वाढत होत्या, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरत होत्या, प्रत्येकीच्या हातात मोगरा देत होत्या. सुलभाताई, मोगरा काय फुललाय तुमचा, असं कोणी म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या दिवशी त्या सुखात होत्या, हे सांगायला हवं.

शेवटी उठली ती बँकेच्या नव्या मॅनेजरची बायको, मृणाल. उज्जैनला येऊन तिला महिनाही झाला नव्हता. तशी भोपाळची, बोलायला मोकळी. मघाशी ती हात धुवायला मागं गेली होती.

"काकू, साहेब तुम्हाला केव्हाचे आवाज देऊन राहिले होते."

"कोण साहेब?"

"पिंगळेसाहेब हो, तुमचे मिस्टर. मी मोरीकडे गेली तर दाराआडून आवाज. सुलू, सुलू. खूप वेळा दिला. मी बोलली बाहेरूनच, काका, त्या कामात आहेत, येतीलच. मला वाटलं तुम्हाला ऐकू गेलं असेल." मग तिला त्यांचा चेहरा दिसला. "काय झालं काकू?"

करंडा सुलभाताईंच्या हातातच राहिला. त्यांनी दार ढकललं.

अरविंदरावांची मान खिडकीकडे होती. डाव्या हातानं त्यांनी खिडकीचा गज पकडला होता, बोटं पांढरी पडली होती. बाहेर घरटं एका अंगाला कलंडलं होतं, रिकामं. लिंबावर दोन कावळे बसले होते, आणि त्यातला एक चोच फांदीला घासत होता. दूधराज तारेवर खालीवर उडत कर्कश ओरडत होता. इतक्या देखण्या पाखराचा आवाज इतका ओबडधोबड असतो हे सुलभाताईंना तेव्हा कळलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "मी आले. ही बघा मी आले. एकदा म्हणा."

त्यांनी नजर वळवली आणि सुलभाताईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सुलभाताईंनी तो पोटात घातला असता. राग नव्हता. कोणीतरी फार उशिरा पोचलं की आपण बघतो, तसं ते बघत होते. ओठ जुळले नाहीत. श्वासही सुटला नाही. सुलभाताईंनी रात्र पडेपर्यंत विचारलं, मी कोण, मी कोण, शेवटी प्रतिभानं त्यांना धरून बाहेर नेलं.

"देवीची मर्जी वहिनी," ती रडत म्हणाली.

 देवीची मर्जी कशी होती ते सुलभाताईंना चांगलं कळलं होतं. नवस फळला होता. मागितला तोच शब्द देवीनं दिला होता, एकदा नाही, खूप वेळा. तो घ्यायला त्या जागेवर नव्हत्या. त्या झोपाळा मिरवत होत्या.

दूधराजाची जोडी दुसऱ्या दिवशी निघून गेली. "आला" हा शब्दही गेला. अरविंदराव आणखी दोन उन्हाळे जगले, अवाक्षर न बोलता. पुढच्या चैत्रात दूधराज एकदा कुंडीवर येऊन गेला. सुलभाताईंनी पाखराकडे बघितलंच नाही, त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अरविंदरावांनी डोळे मिटून घेतले.

ते गेल्यावर चिन्मयनं पुष्कळ आग्रह केला, पुण्याला चल म्हणून. त्या गेल्या नाहीत. झाडांना पाणी घालायला कोणी नाही, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. गौर मांडणं बंद झालं, पण चैत्रात गल्लीतल्या बायका मोगरा न्यायला येतात आणि त्या ओंजळ भरभरून देतात. मधुमालतीला मात्र त्यांनी पुन्हा कात्री लावू दिली नाही. तिनं मांडव झाकला, खिडकी झाकली, आतल्या खोलीत आता भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्या घरात टेप वाजत नाही, कूलरही लावत नाहीत. माळव्याचा उन्हाळा त्या हातपंख्यावर काढतात, मधलं दार सताड उघडं टाकून.

फाटकाशी दोघीतिघी जमल्या आणि बोलण्याच्या भरात कोणाचा आवाज चढला, की मोगरा तोडता तोडता सुलभाताई हात वर करतात. "जरा हळू," म्हणतात, आणि मान किंचित घराकडे वळवून थांबतात. आत कोणी नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी बायका गप्प होतात, त्यांचं ऐकून होईपर्यंत.