हरणीचं खोगीर

सन दोन हजार चोवीस, मार्गशीर्षाचे शेवटचे दिवस. कडाक्याची थंडी. माळेगावच्या घोडेबाजारात यंदा मी घोड्याविना गेलो. गुडघे गेले, म्हणून उन्हाळ्यात माझी घोडी हरणी नायगावच्या खाजाभाईला विकली. तिला एकदा बघायचं, एवढंच काम. तो यायचा होता. तोवर चहाच्या पालात जुने घोडेवाले भेटले. घोडे विकले जातात. किस्से कोणी विकत घेत नाही, म्हणून ते साठतात.

*

औशाचे दोन भाऊ. घोडे दोन; खोगीर एक, ते पोटाखालून आवळायचा तंगही एकच. थोरला म्हणाला, "पाठ ती पाठ. फरक काय?"

मी म्हणालो, "मग धाकट्याचे बूट घाल अन् स्टँडपर्यंत जाऊन ये."

हट्टी माणूस, गेला! परतताना धाकटा ओरडला, "दादा, चाल बिघडली की तुमची! तंग सैल करू का?"

*

हिमायतनगरचा मारोती. टोचू नये म्हणून खोगिराखाली तीन घोंगड्या. "गादी केली, गादी!" ऐटीत बसला. घोडी वळली, खोगीर पोटाखाली, मारोतीही! आम्ही धावलो. खालून म्हणतो, "धरू नका! मी उतरूनच राहिलो!"

*

निलंग्याची वरात. घोड्यावर मखमली जीन, घोडा हलेना. मालक म्हणाला, "बँडला बिचकून राहिला." बँड थांबवला, तरी हलेना. नवरदेवाला उतरवलं. मी जिनाखाली हात घातला, बोटं शिरेनात. थेट खांद्यावर रुतलेलं. जीन चार बोटं मागं सरकवलं. घोडा सुटला तो मांडवात! सासूबाई ताट घेऊन उभ्या. म्हणाल्या, "हा तर आला, जावई कुठं हाय?"

*

दुपारी खाजाभाई आला. एरवी न हिंदकळता रवाल चालणारी हरणी आखूड पावलं टाकत होती. तंगाला हात लावला तर कान पाडून चावायला आली. माझ्याकडं असताना ती कधी चावली नव्हती.

"मामा, रवाल चाल मोडली तिची. लई जीव लावला. आता गिऱ्हाईक बघून राहिलो."

मी त्याचं नवं जीन उतरवलं. पाठ घामानं ओली, फक्त खांद्यामागं दोन्हीकडं तळहाताएवढी जागा कोरडी.

"इथं जीन दाबतं, म्हणून घाम फुटत न्हाई."

मागं एका जत्रेत माझं खोगीर ट्रॅक्टरखाली गेलं होतं. खाजाभाईनं आपल्या घोड्यावरचं काढून दिलं. परत कधी मागितलं नाही.

नंतर हरणीच्या मापानं करून घेतलेलं जुनं खोगीर मी विकलं नव्हतं. घरी खुंटीला असायचं. जाता-येता हात फिरायचा. जत्रेला येताना सवयीनं पोत्यात घालून आणलं होतं. ते तिच्या पाठीवर ठेवलं. आपसूक बसलं. तिनं मान सैल सोडली.

"मामा, एकदा बसा."

"गुडघे वळत न्हाईत. तू बस."

मैदानाच्या टोकापर्यंत गेली. ग्लासभर चहा हातात असता, तर सांडला नसता. मी बघत राहिलो.

परत आल्यावर खाजाभाई उतरला. "आता विकत न्हाई," म्हणाला, आणि माझं खोगीर द्यायला तंग सोडू लागला.

"राहू दे," मी म्हणालो. "त्या जत्रेतलं तुझं खोगीर फिटलं."