झिलीची जागा

मी आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यात 'जी जी रं जी' म्हणत आले. तक्रार नाही, माझं कामच ते होतं. शाहीर पुढे उभा राहून ओळ म्हणतो, ओळ संपली की मागचे दोघं-तिघं ती उचलतात आणि लांबवतात. त्याला झील म्हणतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याच्या आत ओळ उतरते. आमच्या पथकात शाहीर म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. झीलकरी मी. दादाची शिकवण एकच: गाणारा थांबला की जागा रिकामी सोडायची नाही. झील पडली की गाणं पडलं. ही सवय अंगात इतकी मुरली होती की लग्नात मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी श्वासाला थांबले तरी आम्हा दोघांचे ओठ हलायचे. वहिनी कोपराने ढोसायची.

दादा तरुणपणी देवळाली कॅम्पात एका दुकानात लष्कराचे गणवेश शिवायचा. एका अधिकाऱ्याची बदली झाली, सामान जास्त झालं, तेव्हा त्यांनी रेकॉर्ड प्लेयर, रेकॉर्डींचं खोकं आणि एक गिटार दादाला देऊन टाकली. रेकॉर्डी अमेरिकेतल्या होत्या, लांब केसांत फुलं माळणाऱ्या पोरापोरींच्या, लढाई नको म्हणणाऱ्या. फौजेच्या बंगल्यातून ही गाणी निघाली याचं दादाला फार हसू यायचं. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं, पण त्या गाण्यांत गाणारा एकटा नसायचा. धृपद आलं की समोरचा सगळा जमाव ते उचलायचा.

"अगं, हे तर सगळेच झीलकरी आहेत," दादा म्हणाला. मग त्याने केस वाढवले. आईने कपाळाला हात लावला.

त्या चालींवर त्याने मराठी गाणी बांधली आणि पोवाड्याची झील त्यांना जोडली. आमचा हलगीवाला निफाडकडचा होता. गिटारीकडे बघून तो म्हणायचा, "दादा, ह्ये तुमचं मोठं तुणतुणं लय निवांत चालतंय. म्या हलगी वाजवू का झोपू?" पण वाजवायचा. मनमाडला रेल्वे कामगारांच्या सभेत आम्ही गायलो. वणीच्या बाजूला पाण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या बायकांपुढे गायलो. बायका आधी पदर तोंडाशी धरून हसायच्या, मग तिसऱ्या कडव्याला आमच्यापेक्षा वरच्या पट्टीत झील धरायच्या. सगळे एकदम गायले तर समोरचा कधीतरी विरघळेल, असं आम्हाला मनापासून वाटायचं. मलाही वाटायचं. आज ते आठवून हसू येतं.

पुढे काही वर्षांनी त्याच कॅम्पातून दादाकडे एक कॅसेट आली. ही गाणारी पोरं इंग्लंडातली, हाताला काम नसलेली. फुलं नाहीत, शांतता नाही. घाईघाईत वाजवायचं, ओरडायचं आणि दोन मिनिटांत गाणं संपवायचं. आमच्या लांब केसवाल्यांवर तर त्यांचा विशेष राग होता म्हणे. दादाने अर्धंच गाणं ऐकलं.

"यात झीलच नाही," तो म्हणाला. "ओळ संपते आणि दार आपटतं."

कॅसेट ट्रंकेत गेली. बऱ्याच वर्षांनी ती त्याच्या मुलाला सापडली. दादाचं लग्न उशिरा झालं, मूल हे एकच. बापाने ट्रंकेत टाकलं ते पोराने डोक्यावर घेतलं.

भाचा पुढे अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला आणि एक दिवस मोबाइलवर आलेल्या मेसेजने सुटला. त्याच्याबरोबर सुटलेल्या दोघांना घेऊन त्याने बँड काढला. पंक, म्हणजे त्या कॅसेटमधल्यासारखं, असं त्याने सांगितलं. घरात जेवताना वाद सुरू झाले. वहिनी भाकरी वाढायची आणि हे दोघं ती वाळवत बसायचे.

"बाबा, तुम्ही सगळ्यांना बोलावत होतात," भाचा म्हणायचा. "चला, या, गाऊ या. लोक आले, गायले आणि घरी गेले. तिकडच्या फुलंवाल्यांचंही तेच झालं. म्हणून पुढची पोरं चिडली. आम्ही कुणाला बोलावत नाही. चिडलोय, एवढंच सांगतो."

"चिडायला कोण नको म्हणतंय?" दादा म्हणायचा. "पण चिडलेला माणूस आधीच एकटा असतो. गाण्याने त्याला आणखी एकटं पाडू नये."

दोघांचंही खरं होतं. पण जेवणाच्या ताटावर दोघांचंही खरं असून कुणाचं पोट भरत नाही.

तरी सातपूरच्या एका बंद शेडमध्ये भाच्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा त्याने बापाला बोलावलं. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. मी बरोबर गेले. आत खुर्च्या नव्हत्या, सगळी पोरं उभी. आम्ही मागे भिंतीला टेकलो. आवाज छातीवर आदळत होता. तिसऱ्या गाण्यात भाच्याने एक ओळ अक्षरशः ओरडून टाकली आणि तिन्ही वाद्यं एकदम थांबली. तो थांबा मुद्दाम ठेवलेला होता. क्षणभर शांतता आणि मग ड्रमचा दणका, अशी ती रचना होती. दादाला काय माहीत. गाणारा थांबला, जागा रिकामी राहिली. दादाने डोळे मिटले आणि मोकळ्या गळ्याने झील दिली: "जी जी रं जी जी!"

शेड हसली. कुणीतरी शिट्टी मारली, दोन-चार मोबाइल आमच्याकडे वळले. भाच्याने पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

 घरी चप्पल काढताना दादा म्हणाला, "मी त्याचं गाणं मोडलं. आणि तो हसला."

त्यानंतर दादा कधी गेला नाही. भाच्याने दोनदा बोलावलं, दादाने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. त्याच गुडघ्यांनी तो त्या वर्षी सप्तशृंगीच्या पायऱ्या चढून आला. भाच्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही. खाण तशी माती. मी दादाला म्हटलं, अरे, एकदा विचार तरी त्याला. तो म्हणाला, "विचारायचं काय? खांदे पाहिले ना मी." घरात दोघं बोलायचे, पण भाजीबद्दल, गॅसच्या टाकीबद्दल, क्रिकेटबद्दल. गाण्याबद्दल बोलणं बंद झालं. दादाने गिटारीला खोळ शिवली आणि ती कपाटावर ठेवून दिली.

मागच्या थंडीत दादा गेला. दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही.

उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. "आत्या, शनिवारी संध्याकाळी सातपूरला आहे. येशील?" मी गेले. तीच शेड, तीच भिंत. भाच्याच्या गळ्यात दादाची गिटार होती, तिला वायर जोडलेली. ते गाणं आलं. ती ओळ आली. तिन्ही वाद्यं थांबली.

आणि थांबूनच राहिली. पूर्वी हा थांबा क्षणाचा होता, आता संपेना. भाचा माझ्या दिशेने, भिंतीकडे बघत होता. नेहमीची पोरं हलत नव्हती, कुणी हसत नव्हतं. माझ्या शेजारचा एक नवखा मुलगा पुटपुटला, "काही तुटलं का?" माझे ओठ हलले. आवाज गळ्यापर्यंत आला आणि मी तो दाबून धरला. मग ड्रमचा दणका पडला.

बाहेर आल्यावर मी भाच्याला विचारलं, "हा थांबा एवढा लांब कधी केलास?"

"बाबा आले होते ना, त्यानंतर लगेच," तो म्हणाला. "त्यांनी झील दिली आणि मला रडूच फुटलं, आत्या. म्हणून पाठ फिरवली. सगळ्यांसमोर कसं रडणार? पुढच्या वेळेपासून प्रत्येक कार्यक्रमात ती जागा ठेवली. म्हटलं, येतील तेव्हा कळेल त्यांना. सांगायला कशाला हवं."

 बाप घरी बसून म्हणत होता, पोरगा हसला. पोरगा इथे दर वेळी थांबून वाट बघत होता. आणि तोंडाने सांगायला हवं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. गाण्यातून सांगणारी माणसं ही.

"आज तुला बोलावलं," भाचा म्हणाला, "तू त्यांच्या मागे असायचीस म्हणून. मला वाटलं, तू तरी देशील."

"देणार होते रे," मी म्हटलं. "मला वाटलं, मी तुझं गाणं मोडेन."