धूर न सोडणाऱ्या बसनं माझी केलेली फजिती

आता माझी फजिती मीच तुम्हाला सांगते, कारण आमच्या घरचे ती तिखटमीठ लावून सांगतात.

आमची ओवी चार वर्षांची. खोकला तिच्या पाचवीलाच पुजलेला. बीडच्या लेकरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "घाबरू नका, फक्त हिला धुरापासून जपा." मला एवढं सांगितलं की झालं. मी चूल अंगणात नेली, देवापुढची उदबत्ती बंद केली. सासूबाई म्हणाल्या, "देवाला बी खोकला झालाय का?"

त्या दिवशी दवाखाना करून आम्ही मायलेकी बीडच्या स्टँडवर आलो. आमच्या गावाला, दिंद्रुडला जायला दोन गाड्या धूर सोडत गेल्या. मी बसले नाही. सरकारनं आता विजेवरच्या बस आणल्यात ना, धूर नाही, वास नाही. मला तीच पाहिजे होती. शेवटी दिंद्रुडवरून परळीला जाणारी तसली हिरवी बस लागली. आत काय गारवा! ओवीला खिडकीशी बसवलं. शेजारी शिरसाळ्याच्या एक मावशी होत्या.

ओवी म्हणाली, "आई, बिस्कीट."

मी मावशींना म्हटलं, "जरा ध्यान ठेवा, आलेच."

"जा की. गाडी सुटायला लई येळ हाय."

आता मला सांगा, एसटी सुटणार हे आपल्याला कसं कळतं? आधी ती खोकते, मग थरथरते, खिडक्या खडखडतात. तेवढ्यात माणूस चहा पिऊन, कप परत देऊन येतो. जन्मभर आपण अशाच गाड्या धरल्या. मी पण तोंड दुकानाकडे आणि कान बसकडे ठेवून उभी राहिले. कानाला काहीच ऐकू आलं नाही. पुडा घेऊन वळले तर फलाट रिकामा.

बघते तर तशीच हिरवी बस फाटकातून बाहेर पडत होती. मी "ओवेऽऽ" करत धावले. बस कसली थांबते. समोर रिक्षा दिसली, तीत उडी मारली.

"दादा, त्या बसमागं घ्या. माझं लेकरू हाय तीत."

रिक्षा म्हातारी होती. तिनं असा काळा धूर सोडला की मागचं स्टँडच दिसेना. निम्मा धूर आत, माझ्याच अंगावर.

"दादा, लई धूर सोडती हो तुमची रिक्षा."

"ताई, लेकरू धरायचं का धूर बघायचा?"

"लेकरू धरा."

"मग पदर लावा नाकाला अन् गप बसा."

पदर कसला लावते? मी अर्धी बाहेर लोंबकळून हात करत होते. बार्शी नाक्याला बस अडली तशी मी दारावर थापा मारून आत घुसले.

"माझी ओवी कुठाय?"

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. एक आजोबा उठून सीटखाली वाकले. "केवढी हाय?"

"चार वर्षांची. खिडकीशी बसवली होती."

एका बाईनं तर आपल्या पिशवीत बघितलं. कंडक्टर शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुम्हाला जायचंय कुठं?"

"दिंद्रुडला."

"ही पुण्याला चाललीय."

मी सातवी शिकलेली बाई. बसवरची पाटी मला झोपेतसुद्धा वाचता येते. पण वाचायचं सुचायला नको? खाली उतरले. रिक्षावाले दादा थांबलेलेच होते. त्यांनी रिक्षा वळवली. परतीचा धूर वेगळा खाल्ला. तोंडानं देवाचं नाव चालू होतं. दुसऱ्या कुठल्या बसमध्ये गेली असेल माझी पोर? कुणी उतरवून घेतली असेल तर?

स्टँडच्या फाटकात शिरलो आणि वर कर्णा बोलायला लागला.

"लक्ष द्या. ओवीची आई हरवली आहे. हिरवं लुगडं, हातात बिस्किटाचा पुडा. कोणाला आढळल्यास चौकशी खिडकीवर आणून सोडावे. मुलगी वाट बघत आहे."

मी खिडकीकडे निघणार, तेवढ्यात एका हमालानं माझ्या हातातला पुडा बघून मनगटच धरलं. "चला बाई, घाबरू नका." आणि सगळ्या स्टँडमधून मला तसंच धरून नेलं.

चौकशी खिडकीत ओवी टेबलावर पाय हलवत बसली होती. मावशी शेजारी उभ्या.

"अगं, गाडी मागच्या बाजूला चार्जिंगला लावली फक्त," मावशी म्हणाल्या. "मी किती हाका मारल्या. तू कावून पळालीस?"

मी ओवीला कवटाळायला गेले तर चौकशीच्या साहेबांनी हात आडवा घातला.

"थांबा. खात्री करू द्या. बाळा, हीच का तुझी आई?"

ओवीनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं. माझे डोळे तेवढे पांढरे राहिले असणार.

"हीच हाय," ती म्हणाली. "पण जाताना स्वच्छ होती."