बदकं बसली का?

मी अंबरनाथचा बुवापाडा सोडला त्या सकाळी बाबा घरात नव्हते. दारात जीप उभी, सामान चढलेलं, अख्खी आळी निरोपाला जमलेली, आणि वडील तळ्यावर बदकं बघायला गेलेले! आई धुसफुसत म्हणाली, "लेक विलायतेला चाललीय, अन् ह्या माणसाला पाखरांचं पडलंय." शेवटी बाबा सायकलवरून धापा टाकत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजही बसली नाहीत. बरं झालं, तू चाललीस."

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते. थंडीत बदलापूर रोडच्या आतल्या तळ्यावर रानबदकं यायची आणि होळीच्या सुमाराला निघून जायची. तेवढे महिने दर रविवारी बाबा सकाळीच गायब. आईच्या डोक्यात किडा वळवळायचा, "दाढी करून कोण जातं गं बदकं बघायला?" मी आठवीत असताना तिने मला त्यांच्या मागावर पाठवलं. बाई वगैरे काही नव्हती. बाबा बाभळीआड उकिडवे बसले होते, समोर पाण्यावर पांढऱ्या भुवईची बारकी बदकं.

"आमच्या कंपनीच्या गटारातून तळ्यात काय जातं ते मला ठाऊक आहे," बाबा हळूच म्हणाले. "साहेब म्हणतो पाणी साफ आहे. साहेबावर माझा भरवसा नाही, पाखरावर आहे. बदकं बसली तर तळ्याशेजारच्या विहिरीचं पाणी प्यायचं. घिरट्या घालून गेली, तर नाही. आणि हे आळीत बोलायचं नाही, नोकरी जाईल."

ही कसली परीक्षा, असं मला तेव्हाही वाटलं. आईला सांगितलं तर ती अजूनच भडकली, "बायकोला सांगायला काय झालं होतं?"

पुढे पुढे बदकं नुसतीच घिरट्या घालू लागली. बाबा शेजारच्या गावातल्या ओळखीच्या सिंधी शेटच्या नळावरून सायकलला कॅन टांगून पाणी आणू लागले. त्यातच माझं इंग्लंडचं स्थळ आलं. बाबांनी धड चौकशीसुद्धा केली नाही, लगेच हो म्हणाले. आपल्याला घालवून दिलं, हा संशय मी कितीतरी वर्षं मनात धरून बसले. तुम्हीही कोणी असे लांब गेला असाल, तर खरं सांगा, हा संशय तुम्हाला कधी आला नाही?

इथे फ्लॅटमागे कॅनॉल आहे. त्यावर बाराही महिने बदकं असतात, फुकटचा ब्रेड खाऊन गुबगुबीत झालेली. असल्यांच्या बसण्याला काय अर्थ! तरी केटल भरण्याआधी मी खिडकीतून डोकावते. नवरा हसतो. हसू दे.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. शेवटचं भेटायलाही जमलं नाही, ते अजून सलतं. आई एकटीच आहे आणि शेजारची पोरं आणून देतात ते विहिरीचं पाणी पुन्हा पिते. मी दर रविवारी फोन करते, इकडे ये म्हणते. तिचं एकच, "कशाला? मी स्वतः जाते ना बघायला. बसतात गं बदकं." मला भरून यायचं. जिने बाबांवर पाळत ठेवली, तीच आता त्यांच्या जागी जाऊन बसते!

परवाही तेच म्हणाली. फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. मे महिना. पुन्हा नंबर फिरवला.

"आई, होळीनंतर बदकं राहत नाहीत."

तिने टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाली, "माझे गुडघे कुठे चालतात तिथवर? पण खरं सांगितलं तर तू मला नेशील. मला हे घर सोडवत नाही गं."

मी रडले. म्हटलं, "मी फेब्रुवारीत येते. आपण रिक्षाने जाऊ तळ्यावर. तोवर विकतच्या कॅनचं पाणी घे, माझी शपथ. बदकं नाही बसली तर बॅग भरायची."

"आणि बसली तर?" आई म्हणाली. "तू राहशील?"

मी म्हटलं, "आई, लाईन खराब आहे, काही ऐकू येत नाही."

लाईन अगदी साफ होती.