पिवळी टेप

माझा स्वभाव संशयी आहे असं घरचे म्हणतात. मला ते मान्य नाही. मी फक्त लक्ष ठेवतो. आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाला हे दिसणारच, की वडिलांची लाल, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार ताईकडे महिनाभर नीट पळते आणि माझ्याकडे आली की आचके द्यायला लागते.

वडील सांगून गेले होते, चालतेय तोवर दोघांनी आळीपाळीने चालवा, बंद पडली की विका, भांडत बसू नका. म्हणून एक महिना ती गंगापूर रोडला ताईच्या गॅरेजमध्ये असते आणि एक महिना शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारका चौकाजवळ माझ्या सोसायटीच्या आवारात, उघड्यावर. ने-आण एक ठरलेला ड्रायव्हर करतो. त्याच्यावरही माझं लक्ष असतं. मी गाडी शिकलो ती वडिलांच्या शेजारी बसून, याच गाडीत. ती विकली असती तर त्यांचं म्हणावं असं माझ्याकडे काहीच उरलं नसतं. आणि ताई दर थोड्या दिवसांनी फोन करून म्हणायची, विकून टाकू या रे, मला एकटीला आता हे झेपत नाही. मग मी तडक जाऊन तिच्याशी भांडून यायचो. गाडी बंद पडली तर कोणाच्या मनासारखं होणार होतं, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

यंदाच्या थंडीत तर कहर झाला. सकाळी गाडीवर दव साचलेलं असायचं. ती कशीबशी सुरू व्हायची आणि द्वारकेच्या सिग्नलला थरथरून बंद पडायची. मागून हॉर्नचा भडिमार. दुपारी तीच गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची. मेकॅनिकने कार्बोरेटर बदलायला सांगितलं. त्याने बॉनेटसुद्धा पुरतं उघडलं नव्हतं, म्हणून तोही माझ्या संशयितांत जमा झाला.

शेवटी मीच वाकून पाहिलं. प्लगकडे ठिणगी नेणाऱ्या जाड वायरी वाळून कडक झाल्या होत्या. त्यांच्या खालच्या अंगाला, सहज दिसणार नाही अशा जागी, पिवळी टेप गुंडाळलेली होती. ही टेप मी ओळखत होतो. ताईच्या मिक्सरच्या वायरीला तीच आहे, टीव्हीच्या रिमोटलाही तीच. सापडली एकदाची चोरी, असं मी मनाशी म्हणालो.

नव्या वायरींचा सेट घेतला आणि दुपारी स्वतः गाडी घेऊन तिच्याकडे गेलो. वायरी बदलणं हे निमित्त होतं. मला तिला तिच्याच गॅरेजमध्ये, तिच्या तोंडावर पकडायचं होतं.

ती चहा टाकते म्हणाली. मी म्हटलं, आधी शटर ओढून घे. धूर कोंडू नये म्हणून मागची खिडकी उघडी ठेवली, तिच्यावर पोतं टांगलं, दिवा घालवला आणि इंजिन सुरू केलं. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची तिची बाटली घेऊन वायरींवर हलका फवारा मारला. इंजिन लगेच अडखळलं. अंधारात वायरींवर बारीक निळ्या ठिणग्या दिसायला लागल्या. रबराला जिथे भेगा होत्या तिथून त्या बाहेर पडून इंजिनच्या लोखंडावर उड्या मारत होत्या. प्लगपर्यंत पोचतच नव्हत्या. दव पडलं की माझ्याकडे हेच होत होतं. ताईकडे गाडीवर छप्पर होतं, एवढाच काय तो फरक.

मी टेपकडे बोट दाखवायला वाकलो. तिथे एकही ठिणगी नव्हती. जिथे जिथे टेप होती, तेवढ्याच जागी सगळं शांत होतं.

इंजिन बंद करून मी दिवा लावला. मग विचारलं, टेप तू लावलीस का.

"मग कोण लावणार?" ताई म्हणाली. "तुझ्याकडे पाठवायच्या आधी दर वेळी बघते. रबर तडकलेलं दिसलं की गुंडाळते. तू गाडी पार सिन्नरपर्यंत नेतोस. रस्त्यात अडकलास म्हणजे?"

मला राग आला. तो माझाच मला आला होता, पण निघाला तिच्यावर. गाडी विकायचीय तर जपतेस कशाला, आणि जपायचीय तर सारखं विकू विकू कशाला करतेस, असं मी आवाज चढवून विचारलं.

ताई पदराने बाटली पुसत राहिली.

"विकू म्हटलं की तू भांडायला तरी येतोस," ती म्हणाली. "भाऊबीजसुद्धा फोनवर उरकतोस."

मला भयंकर लाज वाटली. मी खाली मान घालून कामाला लागलो. ती टॉर्च धरून उभी राहिली. क्रम चुकू नये म्हणून एक जुनी वायर काढायची आणि लगेच तिच्या जागी नवी बसवायची, असं करत गेलो. जुन्या वायरींचं रबर हातात भुगा होऊन येत होतं. टेप मात्र निघता निघत नव्हती.

पुन्हा अंधार केला, पुन्हा पाणी मारलं. इंजिन एका लयीत चालत राहिलं आणि ठिणगी कुठेच दिसली नाही. आता ही गाडी काही बंद पडत नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं.

ताईने शटर वर केलं. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मग, विकायची का?"

मी म्हणालो, नाही म्हणजे नाही, आणि रविवारी जेवायलाच येतो, तेव्हा सविस्तर भांडू.