नळावर धुतलेले पाय

"त्या वाडीवाल्यांचे पाय आधी नळावर घासून घ्या, मग फादरसमोर बसवा. मागच्या वर्षी टॉवेल वाया गेला."

चर्चच्या मागच्या खोलीत आँटी कुणाला तरी सांगत होत्या. मी दाराबाहेर उभी होते. हातात बायबल-वाचनाचं पुस्तक. पवित्र गुरुवार होता. त्या संध्याकाळी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. शहापूरच्या आमच्या चर्चमध्ये त्या बारांपैकी सहा जण जुन्या, चांगल्या घरांतले असतात आणि सहा आमच्या वाडीतले. त्या वर्षी सहांमध्ये पहिल्यांदाच माझे बाबा होते.

आँटी म्हणजे चर्च कमिटीच्या प्रमुख. सापगावच्या बाजूला त्यांचा बंगला आहे. चर्चच्या शाळेत मला नोकरी त्यांनीच लावली. मी पहिलीला इंग्रजी शिकवते. त्या बाहेर आल्या, मला बघितलं. जराही दचकल्या नाहीत.

"बरं झालं बेटा, तूच आहेस. तूच ने त्यांना नळावर. तुझं ऐकतील ते. डेटॉल ठेवलंय तिथे. ब्रशपण आहे."

मी म्हटलं, "येस, आँटी."

आम्ही कातकरी. खर्डीच्या पुढे, गावाच्या कडेला आमची वाडी. जमीन कधीच नव्हती. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते, माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाबा मुरबाडकडच्या भट्टीवर चिखल तुडवतात. पायांनी. टाचांच्या भेगांत तो चिखल बसतो, तो निघत नाही. मला सहाव्या वर्षी सिस्टरांनी वसतिगृहात नेलं आणि इंग्रजी शाळेत घातलं. मी इंग्रजी शिकले. हळू बोलायला शिकले. मुली विचारायच्या, घर कुठे? मी म्हणायचे, शहापूर. वाडी हा शब्द मी दहा वर्षं उच्चारला नाही. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारलं होतं. मी मोजलं नाही.

बाबा त्या दिवशी मुकादमाच्या शिव्या खाऊन आले होते. ऐन कामात सुट्टी मागितली म्हणून. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, दोन जीप बदलून आले. स्टँडवर उतरल्यावर बाटलीतल्या पाण्याने त्यांनी पाय धुतले होते, रुमालाने पुसले होते. मला आल्या आल्या दाखवले. लहान पोराने नखं दाखवावीत तसे.

नळ संडासाशेजारी आहे. सहा माणसं ओळीने उभी राहिली. बाबा हसले.

"फादर धुनारच हायत ना गो बाय? मंग आता कशाला?"

"पद्धत आहे," मी म्हटलं.

खोटं होतं. पद्धत असती तर उरलेल्या सहांनाही असती. ते तेवढ्यात गेटमधून येत होते. एक निवृत्त साहेब बागेतलं काम टाकून थेट आले होते. सँडलला ओली माती, बोटांच्या फटीत माती. आँटींनी त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं.

ब्रश कपडे घासायचा होता. मी मगाने पाणी ओतत गेले, ते आपापले पाय घासत गेले. ओळीतला बुधाकाका म्हणाला, "आज पाय इतके गोरे झाले, बायको वळखनार नाय मना." सगळे हसले. मीसुद्धा हसले. बाबांच्या टाचेची भेग उघडी पडली होती. डेटॉलचं पाणी लागलं तसा त्यांनी पाय झटकन उचलला. मग माझ्याकडे बघितलं आणि परत खाली ठेवला. स्वतःहून.

मिस्सात मी इंग्रजीतलं वाचन केलं. एकही शब्द अडखळला नाही. नंतर फादर गुडघ्यावर बसले आणि एकेकाच्या पायावर पाणी ओतत पुढे सरकले. फोटो निघाले. बाबांचा पाय पुसताना टॉवेलला रक्ताचा ठिपका लागला. आँटींनी तो टॉवेल दोन बोटांनी उचलून बाकाखाली टाकला आणि पुढच्या पायासाठी दुसरा दिला. बाबांनी ते पाहिलं. मग ते समोर क्रुसाकडे बघत बसले. क्रुसावरच्या पायांकडे.

जीपच्या स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. बाबांनी जीपच्या दांडीला हात घातला आणि माझ्याकडे वळले.

"बाय, एक सांगू? त्या बाईचं मला काय वाटलं नाय. मोठी मानसं अशीच. पन पानी तू ओतलंस."

एवढंच म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

ईस्टरला बाबा आले नाहीत. नाताळलाही नाहीत. आई सांगायची, "घरात क्रूस करतो, जेवताना डोळं मिटतो. चर्चचं नाव काडलं का उठून भायेर जातो." ज्या माणसाने मला बोट धरून पहिल्यांदा मिस्साला नेलं, तो माझ्यामुळे चर्चच्या बाहेर राहिला. आँटींमुळे नाही. माझ्यामुळे.

मी फादरांकडे गेले. ते वाईट नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

"स्वच्छतेसाठी असतं गं ते. मनावर नको घेऊस. दुसरा गाल पुढे करायचा. प्रभूने शिकवलंय ना?"

मी मान हलवली. कितीतरी महिने मला वाटत राहिलं की खोट माझ्यातच आहे. राग आला म्हणजे माझी श्रद्धा कच्ची. मी रोज क्षमा मागायचे. कुणाची आणि कशासाठी, ते मला धड सांगता आलं नसतं.

यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात मी बायबलातलं योहानाचं शुभवर्तमान एकटीने वाचायला घेतलं. मराठीतून. इंग्रजीत वाचलं की माझं अर्धं लक्ष उच्चारांवर जातं. पाय धुण्याचा प्रसंग आला. तिथे कुणाला आधी नळावर पाठवलेलं नाही. पाय मळलेले होते, म्हणूनच तर धुतले. येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्यही त्या जेवणाला बसलेला होता. त्यालाही वगळलं नाही.

मी पुढे वाचत गेले. येशूला बांधून प्रमुख याजकासमोर उभं करतात. एक शिपाई त्याला थोबाडीत मारतो. दर शुभ शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, हे मी उभ्याने ऐकलेलं आहे. कधी कानात शिरलं नव्हतं. तो दुसरा गाल पुढे करत नाही. तो विचारतो. मी चूक बोललो असेन तर चूक दाखव. बरोबर बोललो असेन तर मारतोस का?

हात बांधलेले होते. तरी विचारलं.

म्हणजे दुसरा गाल म्हणजे गप्प बसणं नव्हे. मग मी इतकी वर्षं जे करत होते ते काय होतं? ती नम्रता नव्हती. ती भीती होती. तिला मी प्रभूचं नाव दिलं होतं.

मागच्या रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये बैठक झाली. फादर होते, कमिटी होती, आम्ही चार शिक्षिका होतो. शाळेत मला कायम करायचं की नाही, ते याच कमिटीच्या हातात आहे. हे मला माहीत होतं. आँटींनी यंदा पाय धुवायच्या बारा जणांची यादी वाचली. इकडची सहा नावं आदराने. मग माझ्याकडे वळल्या.

"वाडीतले सहा तू आण, बेटा. तुझे बाबा हवेतच. त्यांचा फोटो फार छान आला होता. आणि यंदा चारलाच आण, म्हणजे नळावर घाई होणार नाही."

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकली, तिचा आवाज झाला. सगळे बघायला लागले.

"आँटी, मला बोलायचंय."

मागून निवृत्त साहेब म्हणाले, "अरे वा, टीचर बोलते पण! आम्हाला वाटलं नुसती वाचते."

दोघंतिघं हसले. फादर खाली बघत होते. मी ते हसणं थांबेपर्यंत थांबले. मग बोलले. मराठीत, हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"मी वाडीतून कुणालाही आणणार नाही. वाचनही करणार नाही. गेल्या वर्षी माझ्या बाबांच्या पायांवर पाणी मी ओतलं, ते पाप माझं आहे आणि त्याची माफी मी त्यांच्याकडे मागणार आहे, तुमच्याकडे नाही. गुरुवारी मी भट्टीवर असेन. फादरांना खरंच पाय धुवायचे असतील तर त्यांनी मुरबाडला यावं. तिथे पाय जसे आहेत तसेच मिळतील."