मुसाफिर बंगल्यातले तीन दिवस

१९४३ सालच्या उन्हाळ्यात धाराशिवच्या मुसाफिर बंगल्यात मी तीन दिवसांचं भाडं तीन रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यात, आगाऊ मोजलं. हजर होतो मी, माझी चौदा वर्षांची मुलगी आणि बंगल्याचा म्हातारा खानसामा. मुलगी मिडलच्या परीक्षेला बसणार होती. गावात आमचे नातलग होते, पण त्यांच्या घरी लग्न होतं. तिथं अभ्यास झाला नसता.

बंगला ऐन जुन्या गावात, कुण्या गोऱ्या साहेबासाठी बांधलेला. भिंती दोन हात जाड, वर कापडी पंखा, जेवायला भलंमोठं मेज. मुलीनं मेजाच्या एका टोकाला पुस्तकं मांडली, दुसऱ्या टोकाला मी घरून, लोहाऱ्याहून आणलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. खोल्या दोनच. दुसरीत चुन्याचं काम चालू होतं.

दोन दिवसांचे पेपर नीट झाले. गणिताचा राहिला होता. त्या संध्याकाळी एका अंमलदाराचा कारकून दारात आला. साहेब दौऱ्यावर आहेत, तासाभरात पोचतील, खोली रिकामी करा, म्हणाला. परीक्षेचं सांगितलं तर म्हणाला, "धर्मशाळेत काय दिवे न्हाईत का शेटजी?"

मी ट्रंक उचलली. खरं तेच लिहितो. कचेरीच्या माणसाशी वाद घालायची मला सवय नव्हती. निजामाच्या कचेरीचा कारभार उर्दूत, आणि मला उर्दू येत नाही. कचेरीतून आलेला प्रत्येक कागद मी वीस वर्षं कचेरीबाहेर अर्ज लिहीत बसणाऱ्या अर्जनवीसाकडून वाचून घेतला, कागदामागं सहा आणे देऊन.

मुलगी म्हणाली, "अप्पा, ट्रंक ठेवा. भिंतीवरच्या पाटीत कायदा लिहिलाय."

"काय लिहिलंय?"

ती शाळेत उर्दू शिकली होती. तिनं पाटीखाली उभं राहून आधी उर्दूत वाचलं, मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं. जो आधी येऊन भाडं भरील, त्याचा तीन दिवस खोलीवर हक्क. त्यानंतर अंमलदार आला तर जागा द्यावी. आमचा तिसरा दिवस दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होता.

कारकुनानं पाटी स्वतः वाचली. दोनदा वाचली.

"बराबर हाय," खानसामा म्हणाला. "मी रोज पुसतो ती पाटी. वाचायला कुठं येतं मला?"

कारकून जाता जाता म्हणाला, "पोरीला वकील करा, शेटजी. आमची पोटं मारा." पण आवाज उतरला होता. साहेब आले, त्यांनी कारकुनाचं ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात खाट टाकायला सांगितली. आम्हाला कुणी काही बोललं नाही. मुलगी पुन्हा हिशेबाच्या वहीकडं वळली आणि सकाळी पेपराला गेली.

निघताना खोली झाडून दिली. एकूण खर्च तीन रुपये दहा आणे हाली. तीन रुपये भाडं, चार आणे खानसाम्याला बक्षीस आणि सहा आणे, नेहमीच्या दरानं, उर्दू पाटी वाचल्याबद्दल माझ्या मुलीला.